आवाज म्हणजे स्पीड नव्हे, राजेहो!

जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडायचे, वरून रोड रोलर फिरवायचा आणि फोटो पेपरात द्यायचा. राज्यातल्या कितीतरी शहरांत पोलिसांनी हा कार्यक्रम केला आहे. असा फोटो कोणी टाकला की खाली लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "बरं झालं, कानाचे पडदे फाटून राह्यले होते." दुसरी म्हणते, "पोट्ट्यायची हौस हाय, काहून मांगं लागता त्यायच्या?"

मी पहिल्या पार्टीत आहे, हे आधीच सांगून टाकतो. दवाखान्यासमोरून फटाके फोडत जाणाऱ्या गाडीची वकिली मला करायची नाही. पण रोलरखाली जी नळी चपटी होते, तिच्यामागं एक जुनी विद्या आहे आणि तिचा इतिहास आपल्याकडं फारसं कोणी सांगत नाही. या विद्येनं एका देशाला जागतिक विजेतेपद दिलं, दुसऱ्या देशात तळ्यावरच्या जेट स्कीचा खेळ उभा केला, आणि आपल्या अमरावती-अकोल्यात ती भर चौकातल्या भांडणाचा विषय झाली. असं काहून झालं, तेवढंच इथं मांडतो. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

झाडाखाली उघडता येणारं इंजिन

राजदूत, येझदी, लूना, जुनी चेतक, आरएक्स १००. आपल्या वडिलांच्या आणि काकांच्या पिढीनं चालवलेल्या यातल्या सगळ्या गाड्या टू-स्ट्रोक. टू-स्ट्रोक म्हणजे पिस्टन एकदा खाली आणि एकदा वर गेला की काम पूर्ण. आजच्या फोर-स्ट्रोक गाडीत क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला होतो. त्यामुळं लहान इंजिनातून जास्त ताकद निघते. शिवाय व्हॉल्व्ह नाही, कॅम नाही, टायमिंग चेन नाही. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन वर-खाली होतानाच त्या खिडक्या उघडतो आणि झाकतो. म्हणूनच मिस्त्री लिंबाच्या झाडाखाली पोतं अंथरून हे इंजिन उघडू शकत होता आणि संध्याकाळपर्यंत चालू करून देऊ शकत होता.

ही साधी रचना इंग्लंडमधल्या बाथ गावच्या जोसेफ डे यांची, १८९१ च्या सुमाराची. पिस्टनच्या खालच्या पेटीलाच त्यांनी पंप बनवलं. पण या साधेपणात एक खोट होती. जळालेला धूर बाहेर जाण्याची खिडकी उघडी असतानाच ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येतं, आणि त्यातलं बरंचसं न जळताच धुरासोबत निघून जातं. पुढं जर्मनीत १९२० च्या दशकात अॅडॉल्फ श्न्यूर्ले यांनी खिडक्यांचा कोन असा ठेवला की ताजं मिश्रण आधी मागच्या भिंतीकडं जाऊन, वळसा घेऊन मग धुराला बाहेर ढकलेल. गळती कमी झाली, पण थांबली नाही. ती गळती लक्षात ठेवा, कारण पुढं या इंजिनाचा जीव तिच्यातच गेला.

पूर्व जर्मनीतला इंजिनिअर

ही गळती धुराच्या पाइपनंच अडवता येते, हे ज्यानं रेसिंगमध्ये पक्कं सिद्ध केलं तो माणूस वाल्टर काडेन. पूर्व जर्मनीतल्या चोपाउ गावच्या एमझेड कारखान्यात तो रेसिंगचा विभाग सांभाळायचा. पैसा नाही, चांगला माल नाही, बाहेरच्या जगाशी संबंध तुटलेला. हातात होती फक्त टू-स्ट्रोक.

त्याचा पाइप आपल्या पोट्ट्यांना माहीत असलेल्या सरळ नळीसारखा नव्हता. आधी पसरत जाणारं नरसाळं, मग फुगीर पोट, मग उलटं नरसाळं आणि शेवटी बारीक शेपटी. धुराच्या दाबाची लाट या नळीतून आवाजाच्या वेगानं पळते. पसरत्या नरसाळ्यात शिरली की तिथून ओढ लावणारी लाट मागं येते आणि सिलिंडरातला उरलेला धूर खेचून घेते. थोडं ताजं मिश्रणही सोबत पाइपात येतं. तेवढ्यात उलट्या नरसाळ्यावर आपटून दाबाची लाट परत फिरते आणि ते बाहेर आलेलं मिश्रण खिडकी बंद व्हायच्या आत पुन्हा सिलिंडरात ढकलून देते.

याचा हिशोब आपणही करू शकतो. इंजिन मिनिटाला ७५०० फेरे घेत असेल, तर एका फेरीला ८ मिलिसेकंद लागतात. धुराची खिडकी साधारण अर्धी फेरी उघडी असते, म्हणजे ४ मिलिसेकंद. गरम धुरात लाट सेकंदाला अंदाजे ५०० मीटर जाते. ४ मिलिसेकंदांत २ मीटर. जाऊन परत यायचं, म्हणून पाइपची कामाची लांबी साधारण मीटरभर. चार बोटं इकडं-तिकडं झालं की लाट लवकर येते नाहीतर उशिरा, आणि ताकद दुसऱ्याच फेऱ्यांवर जाऊन बसते. म्हणजे पाइप हा या इंजिनाचा, बाहेरून लावलेला असला तरी, हलता नसलेला एक भागच आहे.

१९६१ पर्यंत काडेननं १२५ सीसीच्या इंजिनातून २५ हॉर्सपॉवर काढले होते. म्हणजे लिटरमागं २००. तुलनेसाठी सांगतो, आपली जुनी ३५० ची बुलेट १८ हॉर्सपॉवरची. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वीडनच्या शर्यतीवरून त्याचा रायडर अर्न्स्ट डेगनर पश्चिमेकडं पळून गेला आणि काडेनची सगळी विद्या जपानच्या सुझुकीकडं पोचली. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, डेगनर सुझुकीवर ५० सीसीचा विश्वविजेता झाला. त्यानंतरच्या दोन दशकांत जपानी टू-स्ट्रोकनं रेसिंगचं जग व्यापलं. चोपाउच्या त्या कारखान्यात काढलेली गणितं मग जगभरच्या गॅरेजांत पसरली. पाण्यावर गेली, आणि आपल्याकडंही आली. आधी पाण्यावरची गोष्ट, कारण आपल्याला शिकायचं आहे ते तिथंच आहे.

पाण्यावरची फटफटी

जेट स्की म्हटलं की आपल्याला मालवण किंवा गोव्याचा किनारा आठवतो. बसून चालवायची ती मोठी गाडी, मागं पर्यटक. मूळ जेट स्की तशी नव्हती. ती उभं राहून चालवायची, एका माणसाची. कल्पना क्लेटन जेकबसन या अमेरिकन माणसाची. तो मोटोक्रॉसवाला, मातीत पडून अंग सोलून घेणारा. मातीत पडण्यापेक्षा पाण्यात पडलेलं बरं, या विचारानं तो मोटरसायकल पाण्यावर न्यायच्या मागं लागला. १९६८ मध्ये बॉम्बार्डियर कंपनीनं त्याच्या कल्पनेवरून बसून चालवायची सी-डू काढली, ती तेव्हा फार चालली नाही. मग तो कावासाकीकडं गेला आणि १९७३ मध्ये ४०० सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनाची, उभ्यानं चालवायची पहिली जेट स्की बाजारात आली. पुढं ४४० आली, १९८२ मध्ये ५५० आली.

दोन गोष्टी आपल्या वऱ्हाडी माणसानं मुद्दाम पाहाव्या अशा आहेत. एक, ही गाडी पुढं बनू लागली ती अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, लिंकन गावच्या कावासाकीच्या कारखान्यात. नेब्रास्का म्हणजे मका आणि गुरं. समुद्र शेकडो कोस दूर, अगदी आपल्यासारखा. दुसरी, या खेळाची पंढरी झालेलं लेक हवासू हे कोलोरॅडो नदीवर १९३८ मध्ये बांधलेल्या पार्कर धरणाचं पाणी. रखरखीत वाळवंटातलं धरण! खेळ उभा राहायला समुद्र लागत नाही, मुंबई-पुणं लागत नाही, हे या दोन गोष्टींवरून कळतं.

आता ४४० आणि ५५० च्या मालकांनी काय केलं? आपल्या आरएक्सवाल्यांनी केलं तेच. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं. खिडक्या घासून मोठ्या केल्या, म्हणजे पोर्टिंग. मोठा कार्बोरेटर बसवला. काडेनच्या तत्त्वावरचा पाइप लावला. जुन्या हलक्या सांगाड्यात पुढच्या मॉडेलचं मोठं इंजिन बसवलं. शिवाय पाण्यातलं म्हणून दोन कामं वेगळी. मूळ पंख्याच्या जागी वेगळ्या पिचचा स्टीलचा इम्पेलर टाकायचा, आणि पाणी आत घेणारी खालची जाळी अशी बदलायची की लाटेवर उसळी मारली तरी पंपात हवा शिरू नये. पंपात हवा शिरली की इंजिन नुसतं गरगरतं, गाडी हलत नाही. म्हणजे इंजिनाची ताकद वाढवून भागत नाही, ती ताकद पाण्याला लावता आली पाहिजे. मोटरसायकलच्या भाषेत हेच काम स्प्रॉकेट आणि टायरचं.

पण खरा फरक यंत्रात नव्हता. १९८२ मध्ये तिकडं या खेळाची संघटना उभी राहिली, आंतरराष्ट्रीय जेट स्की बोटिंग असोसिएशन. तिनं गट पाडले. मूळ गाडी जशीच्या तशी ठेवणाऱ्यांचा एक गट, ठरावीकच बदल करणाऱ्यांचा दुसरा, सगळं बदलणाऱ्यांचा तिसरा. कोणत्या गटात हेड घासायचं, कोणत्यात नाही, हे कागदावर आलं. पाण्यात बोयऱ्या टाकून बंद ट्रॅक आखला. अंगात लाइफ जॅकेट, मनगटाला दोरी. माणूस पडला की इंजिन बंद. शर्यतीआधी गाडीची तपासणी. ज्याला आपली विद्या दाखवायची त्यानं इथं यायचं आणि नियमात राहून जिंकायचं. घरामागच्या शेडमध्ये पाइप वेल्डिंग करणारे पुढं या पाइपांचे कारखानदार झाले. हौसेतून धंदा उभा राहिला, कारण हौसेला जागा मिळाली.

आपल्याकडं आली आरएक्स

आपल्याकडं ही विद्या आली १९८० च्या दशकात. तोवर राजदूत आणि येझदी होत्या, पण त्या जुन्या युरोपीय आराखड्याच्या. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सनं यामाहाची आरडी ३५० इथं राजदूत ३५० म्हणून आणली. ३० च्या आसपास हॉर्सपॉवर, त्या काळच्या आपल्या रस्त्यांना आणि ब्रेकांना न पेलणारी. महाग आणि पेट्रोल पिणारी म्हणून ती फार खपली नाही.

मग शंभर सीसीच्या जपानी गाड्या आल्या. सुझुकी, होंडा, यामाहा आणि कावासाकी. जेट स्की बनवणाऱ्या त्याच कावासाकीशी हात मिळवून पुण्याच्या बजाजनं १९८६ मध्ये केबी १०० काढली. यातली होंडा तेवढी फोर-स्ट्रोक, बाकी तिन्ही टू-स्ट्रोक. आणि १९८५ ची यामाहा आरएक्स १०० म्हणजे त्या काळच्या पोट्ट्यांचं दैवत. बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक ५० मिलिमीटर, ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या जवळपास. सीसीमागं ताकद मोजली तर बुलेटच्या दुपटीहून जास्त.

वऱ्हाडात ती रुजायला जमीन तयार होती. इथं यंत्र जुनं झालं म्हणून टाकून द्यायची पद्धत कधी नव्हती. शकुंतलेचं वाफेचं इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलं आणि १९९४ पर्यंत मूर्तिजापूर-यवतमाळच्या रुळांवर धावलं. सत्तर वर्षं! जिनिंग-प्रेसिंगच्या गावांत लेथवाले होते, ऑइल इंजिन उतरवून चढवणारे मिस्त्री होते. एमएच-२७ आणि एमएच-३० च्या आरएक्स त्यांच्याच हाताखालून गेल्या. हेड लेथवर घासून आणायचं, पोर्ट कानसीनं मोठे करायचे, कार्बोरेटरचा जेट बदलायचा, नंतरच्या १३५ चं सामान १०० मध्ये बसवायचं. पुस्तक नाही, डायल गेज नाही. स्पार्क प्लग काढून त्याचा रंग पाहायचा. काळा असला तर पेट्रोल जास्त, पांढरा असला तर कमी, चहासारखा असला तर बरोबर. हे ज्ञान खरं होतं. लिंकनच्या आणि अकोल्याच्या मिस्त्रीमध्ये हाताच्या कसबाचा फरक फार नव्हता.

दोन अडचणी मात्र होत्या. पहिली उन्हाची. जेट स्कीच्या इंजिनाला तळ्याचं गार पाणी सतत मिळतं. आरएक्सला मिळते ती अकोल्याच्या मे महिन्याची हवा. डिसेंबरच्या १५ अंशांच्या पहाटेशी तुलना केली तर ४५ अंशांच्या दुपारी त्याच सिलिंडरात साधारण ९ टक्के कमी हवा मावते. ताकद तिथंच कमी होते. त्यात कॉम्प्रेशन वाढवलेलं, टू-टी ऑइल कमी टाकलेलं किंवा जेट चुकलेला असला तर पिस्टन फुगतो आणि भर रस्त्यात इंजिन सीज होतं. मागचं चाक जागच्या जागी लॉक. ज्याचा हात क्लचवर नसेल तो आडवा.

दुसरी अडचण मोठी. एवढी विद्या लावून गाडी तयार केली, तर ती पळवायची कुठं? मद्रासकडच्या पोरांना शोलावरमची जुनी लष्करी धावपट्टी होती. तिथला मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ चा, आणि १९९० मध्ये तर त्यांनी इरुंगट्टुकोट्टईला स्वतःचा ट्रॅक बांधला. कोइंबतूरला ट्रॅक झाला. दक्षिणेतून मोटर रेसिंगमध्ये एवढी नावं आली ती काही तिथल्या पाण्यामुळं नाही. आपल्या पोट्ट्यांच्या वाट्याला आला हायवे, रिंग रोड नाहीतर चिखलदऱ्याचा घाट. समोरून एसटी, बाजूनं संत्र्याचा ट्रक, आणि वळणावर गुरं.

विद्या गेली, आवाज उरला

टू-स्ट्रोकचा शेवट तिच्या जुन्या खोटीनंच केला. देशात १९९१ पासून धुराचे नियम आले, १९९६ मध्ये आणि २००० मध्ये ते कडक झाले. न जळता बाहेर जाणारं पेट्रोल आणि सोबत जळणारं ऑइल या नियमांत बसेना. आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. त्याच वर्षी म्हैसूरचा येझदीचा कारखाना बंद पडला. अमेरिकेतही तेच झालं. १९९६ मध्ये पाण्यातल्या इंजिनांना धुराचे नियम लागले, १९९९ मध्ये लेक टाहोवर कार्बोरेटरवाल्या जुन्या टू-स्ट्रोकना बंदी आली, २००० मध्ये तिथल्या बहुतेक राष्ट्रीय उद्यानांतून जेट स्की बाहेर काढल्या. यामाहाची उभ्यानं चालवायची सुपरजेट २०२० पर्यंत टू-स्ट्रोक होती, २०२१ पासून तीही फोर-स्ट्रोक झाली. जुन्या ४४० आणि ५५० आता हौशी लोक जपतात, शर्यतींपुरत्या काढतात.

आपल्याकडं काय उरलं? चांगली केलेली आरएक्स आज लाखाच्या भावानं विकली जाते, पण तिची नस ओळखणारे मिस्त्री म्हातारे झाले. आणि नव्या पोट्ट्यांना वाटतं, सायलेन्सर कापला की गाडी पळते.

नाही पळत, भाऊ. वर सांगितलेला लाटेचा हिशोब पुन्हा पाहा. टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरच्या आतली रचना कापून टाकली, की परत येणारी लाट बिघडते आणि खालच्या फेऱ्यांवर गाडी आधीपेक्षा मरते. बुलेट तर फोर-स्ट्रोक. तिला आखूड सरळ नळी लावून जेट तसाच ठेवला, तर मिश्रण पातळ होऊन इंजिन तापतं. आणि ते फटाके? ते म्हणजे सिलिंडरात जळायचं पेट्रोल पाइपात जळतं. पेट्रोल तुमच्या पैशाचं, स्फोट मात्र गाडीच्या बाहेर. गाडी त्यानं एक इंचही पुढं जात नाही. ज्याला खरं ट्यूनिंग येतं, तो हे कधी करत नाही.

कायदा काय म्हणतो, तेही नीट माहीत असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ठणकावून सांगितलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. आवाजाची मर्यादा ८० ते १७५ सीसीच्या दुचाकीला ७७ डेसिबल आहे, त्यावरच्या सीसीला ८०. "माझी गाडी विंटेज हाय" म्हणूनही सुटका नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणं विंटेज म्हणजे ५० वर्षांहून जुनी, आणि मूळ रूपात ठेवलेली. १९८५ ची पहिली आरएक्सही २०३५ च्या आधी विंटेज होत नाही, आणि इंजिन बदललेली तर तेव्हाही होणार नाही.

पण याच कायद्यात एक दार उघडं आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. कलम १८९ सार्वजनिक जागी शर्यत लावण्याला शिक्षा सांगतं, पण कुणाला? राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय शर्यत लावणाऱ्याला. म्हणजे संमती घेऊन, बंदोबस्तात, नियमांनी शर्यत होऊ शकते असं कायद्यानंच गृहीत धरलं आहे. बदललेली गाडी रस्त्यावर न चालवता टेम्पोत टाकून ट्रॅकवर नेली, तर रस्त्यावरच्या लोकांचा प्रश्नच मिटतो.

शंकरपटाला जमलं ते

हे आपल्याला नवीन नाही, राजेहो. शंकरपटाचं काय झालं आठवा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती बंद केल्या. शेतकरी रस्त्यावर उतरले, २०१७ मध्ये राज्यानं कायदा केला, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं तो कायदा कायम ठेवला. आज तळेगाव दशासरच्या पटाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलाची डॉक्टरी तपासणी लागते, मारझोड चालत नाही. हौस तीच, पण नियमात आली. बैलाला जे जमलं ते गाडीला काहून जमू नये?

त्याहून जुनं उदाहरण तर अमरावतीचंच आहे. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं. गल्लीबोळातल्या पोरांच्या अंगातल्या रगीला त्यांनी आखाडा दिला, वस्ताद दिला, शिस्त दिली. १९३६ मध्ये याच मंडळाच्या पथकानं बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. त्या काळीही कोणी म्हणू शकलं असतं, ही पोरं चौकात मारामाऱ्या करतात, यांना आत टाका. वैद्य बंधूंनी जागा दिली. आजच्या पोट्ट्यांची रग मनगटातून ॲक्सिलरेटरवर गेली, एवढाच फरक.

म्हणून लोकप्रतिनिधी, जिल्हा प्रशासन आणि आरटीओ यांच्यासमोर चार गोष्टी ठेवतो.

एक, अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत वर्षातून निदान दोनदा, रहदारीपासून दूरच्या बंद जागेवर, लेखी संमतीनं शर्यत भरवा. मूळ गाडी, थोडी बदललेली, पूर्ण बदललेली, असे गट पाडा. हेल्मेट आणि जॅकेट सक्तीचं, अॅम्ब्युलन्स जागेवर, आधी गाडीची तपासणी. डांबरी पट्टा नसला तर मातीचा ट्रॅकही चालतो, तो करायला कोटींची निविदा लागत नाही.

दोन, रस्त्यावर मात्र कसलीही सूट नको. डेसिबल मीटर लावून मोजा, दंड करा. आणि फक्त चालवणाऱ्या पोराला पकडू नका, फटाका सायलेन्सर उघड्यावर विकणाऱ्याच्या आणि बसवून देणाऱ्याच्या दुकानातही जा. माल येतो कुठून हे साऱ्या गावाला माहीत असतं.

तीन, जुन्या मिस्त्र्यांना आयटीआयमध्ये, अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकीत, बडनेऱ्याच्या आणि शेगावच्या कॉलेजात बोलवा. त्यांच्या हातातली विद्या पोरांना शिकू द्या, आणि पोरांनी त्यांना गेज आणि गणित दाखवू द्या. अभियांत्रिकीची पोरं बाहासारख्या स्पर्धेसाठी स्वतः गाडी बनवून इंदूरजवळच्या पिथमपूरला जातात. आरएक्सची नस ओळखणारा म्हातारा मिस्त्री त्यांच्या वर्कशॉपमध्ये बसला, तर दोघांचंही भलं होईल.

चार, ही गोष्ट आत्ताच ठरवून टाका. आपल्या धरणांवर जलपर्यटन आणायची चर्चा अधूनमधून निघते. आणा, रोजगार होईल. लेक हवासू वाळवंटातच उभं राहिलं. पण अमरावतीच्या नळाला अप्पर वर्धेचं पाणी येतं आणि अकोल्याच्या नळाला काटेपूर्णेचं. जुन्या टू-स्ट्रोकमधून साधारण पाव हिस्सा पेट्रोल न जळता बाहेर जातं, आणि जेट स्कीचा धूर थेट पाण्यातच सुटतो. लेक टाहोवाल्यांनी १९९९ मध्ये जे ओळखलं, ते आपण आधीच करारात लिहून ठेवावं: पिण्याच्या पाण्यावर टू-स्ट्रोक चालणार नाही. पुण्या-मुंबईचा कोणी ठेकेदार स्वस्तात जुन्या जेट स्की आणून सोडेल, तेव्हा आंदोलन करण्यापेक्षा हे सोपं आहे.

ज्यांच्याकडं जुनी आरएक्स, येझदी किंवा केबी आहे आणि ज्यांना ती खरंच पळवता येते, त्यांनी आणि आवाजानं वैतागलेल्या लोकांनी मिळून एक निवेदन द्यावं, असं मला वाटतं. दोघांची मागणी एकच आहे: रस्ता शांत राहो आणि शर्यतीला तिची जागा मिळो. तुमच्या गावाजवळ ट्रॅकसाठी योग्य अशी मोकळी सरकारी जागा कुठं आहे, ते नावानिशी कळवा. यादी झाली की ती घेऊन सोबत जाऊ.